थेंबभर रक्ताची साक्ष

(घोडे व गाढवे यांच्या रक्तातील गोचीडजन्य परजीवी आणि त्यांची जनुकीय तपासणी या विषयावर शिरूर व दौंड तालुक्यांतील पंचायत सदस्य, शिक्षक आणि ग्रामसेवक यांच्यासमोर एका पशुवैद्यकाने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पशुवैद्य बोलायला उभा राहिला म्हणजे तो गाईम्हशींविषयी बोलणार, फार तर शेळ्यामेंढ्यांविषयी दोन शब्द सांगणार, अशी आपली अपेक्षा असते. ती रास्तही आहे. आपल्या दोन्ही तालुक्यांचा पुष्कळसा संसार दुधावर चालतो. आज मात्र मी दूध न देणाऱ्या दोन जनावरांविषयी बोलणार आहे. घोडा आणि गाढव ही ती दोन जनावरे होत. त्यांच्या रक्तात राहणारा, गोचिडामार्फत पसरणारा एक सूक्ष्म परजीवी आणि तो ओळखण्याची नवी जनुकीय पद्धत हा माझा विषय आहे. विषय अपरिचित वाटला तरी तो आपल्या वेशीबाहेरचा नाही, हे आपणास पटेल अशी मला आशा आहे.

घोड्यांचा मुलूख

शिरूरला जुनी माणसे अजूनही घोडनदी म्हणतात. इंग्रजी अमदानीच्या आरंभी तेथे लष्करी छावणी होती. आलेगाव पागा या गावाच्या नावात तर पागा आजही नांदते आहे. दौंडच्या अंगाने वाहणाऱ्या भीमेच्या थडीवर जी काटक, मध्यम बांध्याची तट्टे निपजली, त्यांना भीमथडी हे नाव पडले. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने २०२३-२४ मध्ये या घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. ही घटना आपणा सर्वांना अभिमान वाटावी अशी आहे.

परंतु अभिमान वाटत असतानाच एक आकडा ध्यानात ठेवावा लागेल. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ३ लाख २० हजार गाढवे होती. २०१९ च्या गणनेत ती सुमारे १ लाख २० हजार उरली, म्हणजे सात वर्षांत साठ टक्क्यांहून अधिक घट झाली. घोडे व तट्टे मिळून जी संख्या सव्वासहा लाखांच्या आसपास होती, ती ३ लाख ४० हजारांवर आली. यंत्रे आली, रस्ते झाले, ओझी वाहण्याची कामे कमी झाली, ही याची मोठी कारणे आहेत. पण जी जनावरे उरली आहेत ती कोणाच्या दारात आहेत, याचा विचार व्हावयास हवा. मेंढरांमागे रानोमाळ हिंडणाऱ्या धनगर बांधवाचे बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर असते. कुंभार, वडार, बेलदार, कैकाडी यांच्या दारात गाढव असते. वीटभट्टीवर ते विटा वाहते. वरातीची घोडी आणि बैलगाडा शर्यतीत बैलांपुढे धावणारी घोडी यांवरही काही घरांची चूल पेटते. ज्याला एक एकर जमीन नाही, त्याची सारी मत्ता या चार पायांवर उभी असते.

एक चुकलेले निदान

या ठिकाणी मी स्वतःची एक चूक सांगणार आहे. काही वर्षांपूर्वी भीमाकाठच्या एका गावातून मला बोलावणे आले. वीटभट्टीवर काम करणाऱ्या एका कुटुंबाची गाढवीण दोन दिवस चारा घेत नव्हती. दिवस वैशाखाचे होते. अंगात ताप होता, मान खाली गेली होती. उन्हाचा आणि कामाचा ताण असेल असे मी मानले. तरीही कानाच्या शिरेतून रक्त घेऊन काचपट्टी तयार केली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. परजीवी दिसला नाही. तापाचे औषध दिले, विश्रांती सांगितली. ताप उतरला, तसे जनावर पुन्हा कामाला जुंपले गेले. पाचव्या दिवशी तिची लघवी काळ्या चहासारखी झाली, डोळ्यांची आतील त्वचा पिवळी पडली. मी पोहोचलो तेव्हा उशीर झाला होता.

घरधनी शांतपणे म्हणाला, “साहेब, म्हैस असती तर दहा जणांनी विचारलं असतं. गाढवाला कोण विचारतंय?”

त्याच्याकडे आणखी दोन गाढवे होती. दोन्ही धडधाकट, खातीपिती. त्यांचे रक्त मी जनुकीय तपासणीसाठी पाठविले. दोन्ही नमुन्यांत परजीवी आढळला. काचपट्टीवर मला जे दिसले नव्हते, ते थेंबभर रक्तात होते. ते पाहण्याचे साधन माझ्या टेबलावर नव्हते एवढेच. गाढविणीचा नमुना पाठविण्याचे मला त्या वेळी सुचले नाही, म्हणून ती नेमकी कशाने गेली हे आता सिद्ध होणार नाही. ही खंत माझ्या मनात कायम राहिली आहे, आणि आज येथे उभे राहण्याचे खरे कारणही तीच आहे.

रोग आणि त्याचा वाहक

आपल्या गोठ्यांत गाईगुरांना होणारा गोचीडताप आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. घोडे, गाढवे आणि खेचरे यांनाही त्याच कुळातला रोग होतो. शास्त्रीय भाषेत त्याला पायरोप्लाझ्मोसिस म्हणतात. तो दोन परजीवींमुळे होतो. एकाचे नाव थायलेरिया इक्वी आणि दुसऱ्याचे बॅबेसिया कॅबाली. गाईगुरांचे परजीवी निराळे आणि घोड्यागाढवांचे निराळे. त्यामुळे गाढवापासून गाईला हा रोग होईल अशी धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

या दोघांची रीत थोडी वेगळी आहे. बॅबेसिया गोचिडाच्या लाळेतून आला की थेट तांबड्या पेशींत शिरतो. थायलेरिया आधी पांढऱ्या पेशींत वाढतो आणि मग तांबड्या पेशींत उतरतो. तेथे एकाचे चार होतात आणि ते चौघे पेशीत फुलीच्या आकारात बसलेले दिसतात. पेशी फुटते, परजीवी दुसऱ्या पेशीत शिरतात. पेशी फुटू लागल्या की रक्त पातळ होते, हिरड्या फिकट पडतात, कावीळ दिसते आणि फुटलेल्या पेशींचे रंगद्रव्य लघवीतून जाऊ लागते. निरोगी घोड्याचे तापमान साधारणतः ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट असते. या रोगात ते १०४ अंशांच्या वर जाते. गाभण घोडी गाभडू शकते. थायलेरिया मातेच्या उदरातून शिंगराकडेही जाऊ शकतो.

गोचीड चावल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सुमारे दहा दिवस ते चार आठवडे जातात. त्यामुळे जत्रेत किंवा बाजारात चिकटलेल्या गोचिडाचा परिणाम घरी आल्यावर दिसतो आणि मूळ कारण कोणाच्या लक्षात राहत नाही. पौष पौर्णिमेला जेजुरीत गाढवांचा बाजार भरतो, रंगपंचमीला मढीला भरतो. दूरदूरची जनावरे तेथे एकत्र येतात. जनावराबरोबर आपण त्याच्या अंगावरचा गोचीड आणि रक्तातला परजीवीही विकत आणत असतो, हे ध्यानात घेतले पाहिजे.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. आजारातून उठलेले जनावर निरोगी दिसले तरी परजीवी त्याच्या रक्तात अल्प प्रमाणात राहतो. बॅबेसिया काही वर्षांत नाहीसा होऊ शकतो. थायलेरिया मात्र बहुधा जन्मभर सोबत करतो. गाढवांत तर आजाराची लक्षणे पुष्कळदा दिसतच नाहीत. अतिश्रम, उपासमार, लांबचा प्रवास किंवा बाळंतपण आले की दबलेला रोग डोके वर काढतो. तोपर्यंत प्रत्येक गोचीड अशा जनावराच्या रक्तातून परजीवी उचलून पुढे नेऊ शकतो.

पुण्यातील एक जुना धागा

रक्तातील परजीवींचा शोध आणि पुणे यांचे नाते जुने आहे. ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे प्रमुख होते. घोड्यांच्या रक्तातील ‘सर्रा’ या दुसऱ्या एका परजीवी रोगाचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. ही संस्था १८९३ मध्ये हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली आणि पुढे तिचेच भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत रूपांतर झाले. त्याच १८९३ साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबोर्न यांनी गुरांचा एक ताप गोचिडामार्फत पसरतो हे सिद्ध केले. संधिपाद प्राणी रोग वाहून नेतात हे त्यातून जगाला कळले.

तेव्हापासून आजवर काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक हेच आपले मुख्य साधन राहिले, आणि ते आजही टाकाऊ नाही. जनावर तापाने फणफणले असताना काचपट्टी तत्काळ उत्तर देते, आणि तेही थोडक्या खर्चात. परंतु घोड्याच्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये सत्तर लाखांहून अधिक तांबड्या पेशी असू शकतात. तपासणारा माणूस त्यांतील काही हजार पेशी डोळ्यांखालून घालतो. लाख पेशींत एखादाच परजीवी असेल, तर तो कसा सापडावा? गवताच्या गंजीत सुई शोधण्याचाच हा प्रकार आहे.

जनुकीय तपासणी म्हणजे काय?

जनुकीय तपासणी हा प्रश्न उलट बाजूने सोडविते. ती सुई शोधीत बसत नाही. ती सुईच्याच इतक्या प्रती काढते की गंजी सुयांनी भरून जावी. २०२० च्या करोना साथीमुळे पी.सी.आर. हे नाव घराघरांत पोहोचले आहे. ही पद्धत अमेरिकेतील कॅरी मुलिस यांना १९८३ मध्ये सुचली आणि १९९३ मध्ये तिच्यासाठी त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

शिक्षकांना वर्गात सांगता यावे म्हणून तिची रीत थोडक्यात सांगतो. प्रत्येक सजीवाच्या पेशीत डी.एन.ए. नावाचा दुपेडी गोफ असतो. परजीवीच्या गोफाचा असा एक तुकडा निवडतात, की जो घोड्याच्या गोफाशी जुळत नाही. रक्तातून डी.एन.ए. वेगळा काढून नळी सुमारे ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापविली की गोफाचे दोन पेड सुटे होतात. तापमान ५० ते ६० अंशांवर आणले की त्या ठरावीक तुकड्याच्या दोन्ही टोकांना ओळखणारे छोटे धागे नेमके तेथे जाऊन चिकटतात. मग ७२ अंशांवर एक विकर समोरचा पेड विणून पुरा करते. एकाचे दोन झाले. हेच चक्र पुन्हा केले की दोनाचे चार, चाराचे आठ. तीस चक्रांनंतर, हिशेबाने, एका तुकड्याच्या १०७ कोटींहून अधिक प्रती तयार होतात. परजीवी नसेल तर धागे कोठेच चिकटत नाहीत आणि प्रती निघत नाहीत. सारे काम काही तासांचे असते.

इतक्या उष्णतेतही टिकणारे हे विकर ज्या जीवाणूपासून मिळाले, तो १९६० च्या दशकात अमेरिकेतील यलोस्टोन येथील उष्ण झऱ्यांत सापडला होता. आपल्या वज्रेश्वरी-गणेशपुरीला जसे उष्ण पाण्याचे झरे आहेत तसेच ते झरे. निव्वळ जिज्ञासेपोटी केलेले संशोधन पुढे कोठे उपयोगी पडेल याचा नेम नसतो, हेही मुलांना यावरून सांगता येईल.

तपासणीचे उत्तर आणि त्याचा अर्थ

अहवालात परजीवी आढळला म्हणजे जनावर वाया गेले, असे मुळीच नाही. ज्या प्रदेशात हा रोग मुरलेला आहे, तेथे रक्तात थोडे परजीवी बाळगणारे जनावर पुन्हा त्याच रोगाने सहसा आजारी पडत नाही. अशा प्रत्येक निरोगी दिसणाऱ्या जनावराला औषध टोचीत सुटणे शहाणपणाचे नाही. परंतु ते परजीवी बाळगून आहे हे माहीत असले, म्हणजे त्याच्या अंगावर गोचीड राहू न देणे, गाभण काळात जपणे, ताप येताच ओझे उतरविणे आणि बाजारात नेताना विचार करणे शक्य होते.

आजारी जनावरासाठी इमिडोकार्बसारखी औषधे आहेत. बॅबेसियावर ती चांगली चालतात. थायलेरियात ताप उतरतो, पण परजीवी पुष्कळदा शिल्लक राहतो. म्हणूनच दोहोंपैकी कोणता परजीवी आहे हे कळणे आवश्यक असते, आणि तेही ही तपासणी सांगते. येथे एक इशारा द्यावासा वाटतो. गाढव म्हणजे लहान घोडा नव्हे. घोड्याला सोसणारी या औषधाची मोठी मात्रा गाढवाच्या जिवावर बेतू शकते. दुकानातून औषध आणून घरच्या घरी टोचणे कटाक्षाने टाळावे.

प्रतिबंध आपल्या हाती

या रोगावर घोड्यागाढवांसाठी लस उपलब्ध नाही. गोचीड आवरणे हाच उपाय होय. कानाच्या आत, आयाळीच्या मुळाशी, जांघेत आणि शेपटीखाली रोज हात फिरवावा. गोचीड सापडल्यास चिमट्याने काढावा; तो उघड्या बोटांनी चिरडू नये. गोचिडापासून माणसाला होणारा क्रायमियन-काँगो रक्तस्रावी ताप २०११ मध्ये गुजरातेत आढळला होता, हे लक्षात असावे. मादी गोचीड जमिनीवर उतरून भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते. तेव्हा भेगा बुजविणे, भिंतींना चुना देणे आणि शेणकचरा दूर टाकणे हे फवारणीइतकेच महत्त्वाचे आहे.

फवारणीबाबतही एक सावधगिरी हवी. गाईगुरांसाठी सर्रास वापरले जाणारे अमिट्राझ हे औषध घोड्यागाढवांवर मुळीच वापरू नये. त्याने आतड्यांची हालचाल मंदावते आणि पोटशूळ होऊन जनावर दगावू शकते. गोठ्यात उरलेले औषध दारातल्या तट्टावर शिंपडले, असे पुष्कळदा घडते. हा अपघात केवळ माहितीने टळू शकतो.

तिसरी गोष्ट सुईची. एका जनावराला टोचलेली सुई दुसऱ्याला टोचली तर परजीवी गोचिडावाचूनही पोहोचतो. अमेरिकेत शर्यतीच्या घोड्यांत हा रोग अशाच सुयांमुळे पसरल्याचे आढळले आहे. एक जनावर, एक सुई हा नियम आपल्याकडेही पाळला गेला पाहिजे.

पंचायतीने आणि शाळेने काय करावे?

२०२५ च्या जुलैमध्ये जागतिक पशुआरोग्य संघटनेने मीरत येथील लष्कराच्या रिमाउंट व्हेटरिनरी कोअरच्या केंद्राला अश्वरोगमुक्त क्षेत्र म्हणून मान्यता दिली. ज्या रोगांपासून ते क्षेत्र मुक्त ठरले, त्यांत हा रोगही आहे. परदेशी स्पर्धांना जाणाऱ्या घोड्यांची वाट त्यामुळे मोकळी झाली. हिस्सार येथे १९८६ पासून घोड्यागाढवांसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र काम करीत आहे. औंध येथे आपल्या पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग आहे. म्हणजे ज्ञान आहे आणि संस्थाही आहेत. वीटभट्टीवरच्या गाढवापासून प्रयोगशाळेच्या नळीपर्यंतचे मधले अंतर तेवढे उरले आहे, आणि ते तोडणे आपल्या हाती आहे.

त्यासाठी तीन कामे सुचवितो. पहिले, प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील घोडे, गाढवे व खेचरे यांची नोंदवही ठेवावी. हंगामापुरत्या येणाऱ्या वीटभट्टीवाल्यांची आणि मेंढपाळांचीही जनावरे तीत असावीत. ती आपल्या मतदारयादीत नसली तरी आपल्या शिवारात असतात. दुसरे, लाळ-खुरकुताच्या लसीकरणासाठी पशुधन विकास अधिकारी गावात येतात तेव्हा या जनावरांनाही बोलवावे. तापाने आजारी जनावराचे रक्त औषध देण्यापूर्वीच रक्त न गोठू देणाऱ्या नळीत घेतले जावे, बर्फाच्या पेटीत ठेवून दवाखान्यामार्फत तपासणीस जावे, असा आग्रह धरावा. दवाखाना दूर असेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा पथकास बोलावता येते. तिसरे काम शिक्षकांचे. या घरांतील मुले आपल्याच वर्गात बसतात. गोचीड कोठे लपतो, लघवीचा रंग बदलला तर काय समजावे, कोणते औषध वापरू नये, एवढे त्या मुलांना कळले तर ती गोष्ट त्याच संध्याकाळी जनावरापर्यंत पोहोचेल.

या साऱ्याला फार पैसा लागत नाही. नळी स्वस्त असते आणि रक्त थोडेसेच लागते. लागते ती एवढीच जाणीव, की ज्याच्या पाठीवरून आपल्या घरांच्या विटा आल्या, त्यालाही आपल्या विकासाच्या हिशेबात जागा आहे.

गाढवाला कोण विचारतो, या प्रश्नाला त्या दिवशी माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढच्या वेळी असा प्रश्न कोणी विचारला, तर ‘आमची ग्रामपंचायत विचारते’ असे उत्तर या दोन तालुक्यांतून यावे, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.